लाल टोपी की नारिंगी?

आज दवाबाजारात इन्सुलिनच्या सिरिंज घेताना काउंटरवरचा पहिला प्रश्न हाच. इंदूरमध्ये ज्यांच्या मांजराला नुकताच डायबेटिस निघालाय, त्यांनी उत्तर पाठच करून ठेवा: लाल टोपी एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी, नारिंगी 100 वाल्यासाठी. मांजरांना बऱ्याचदा देतात ते ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन बाटलीत सहसा 100 चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 1 च्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिट जातात. चार किलोच्या मांजराला सुरुवातीला बहुधा 1 च युनिट लागतं, त्यामुळे ही चूक जिवावर बेतते.

डोस दर 12 तासांनी, डॉक्टरांनी ठरवलेलाच. आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर टोचण्याआधी डॉक्टरांना फोन. बाजूची कातडी चिमटीत उचलली की तंबू होतो. सुई त्याच्या पायथ्याशी. नंतर केस ओले लागले, तर औषध बाहेर सांडलं. तरी पुन्हा टोचायचं नाही! आत किती गेलं ते कळत नाही, आणि एखाद्या वेळी साखर चढलेली परवडते, उतरलेली नाही.

झोकांड्या, थरथर ही साखर उतरल्याची खूण; ती दिसली की हिरड्यांना मध चोळा आणि थेट दवाखाना गाठा.

साखर तपासायला रक्त कानाच्या कडेचं घ्या. कान गार असेल तर थेंब येत नाही, कोमट रुमाल मिनिटभर धरा.

बाटली फ्रिजमध्ये, पण मागच्या भिंतीला टेकवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा.

दूध-पोळी बंद. हे घरातल्या आजीला पटवणं मात्र सुईपेक्षा अवघड.