दोन फादोंच्या मधली दहा मिनिटं

फादो हे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं. लिस्बनच्या फादोघरात ते सुरू झालं की बोलायचं नाही. हळू बोललेलंसुद्धा चालत नाही. दिवे मंद होतात, वाढपी हातातली ताटं घेऊन जिथल्या तिथे थांबतो, आणि कुणी कुजबुजलंच तर शेजारच्या टेबलावरून ‘शूऽऽ’ येतं. तीन-चार गाणी झाली की दिवे लागतात, ग्लास भरले जातात, दहा-पंधरा मिनिटं सगळे एकदम बोलून घेतात, आणि पुन्हा चिडीचूप. लिस्बनमध्ये माझं जे काही जुळलं ते या दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत.

आधी जागेबद्दल. १७५५च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग कोसळला, पण टेकडीवरचा आल्फामा हा जुना मोहल्ला बऱ्यापैकी वाचला. त्यामुळे तिथल्या गल्ल्या अजून जुन्याच मापाच्या. समोरून कुणी सामानाची पिशवी घेऊन आलं तर अंग चोरावं लागतं. वर दोऱ्यांवर कपडे, खाली पायऱ्याच पायऱ्या. पायथ्याला १९९८ मध्ये उघडलेलं फादोचं संग्रहालय आहे, ते दुपारी बघून घ्यावं, म्हणजे रात्री कानाला थोडी ओळख असते. फादो ऐकायच्या जागा ढोबळमानाने दोन प्रकारच्या. एक, जेवणासकट मोठं बिल लावणारी फादोघरं, जिथे नावाजलेले कलाकार गातात. दुसऱ्या, छोट्या तास्का, म्हणजे साध्या खानावळी, जिथे ‘फादो वादियु’ चालतो, म्हणजे गल्लीतलं कुणीही उठून गातं. पहिल्या प्रकारात गाणं जास्त तयारीचं असतं हे कबूल. तरी मी पुन्हा गेले तर दुसऱ्यातच जाईन, आणि त्याचं कारण निव्वळ सांगीतिक नाही.

तास्कात एकट्या माणसाला वेगळं टेबल मिळत नाही. मालकिणीने मला एका लांब बाकाच्या टोकाला बसवलं. समोर एक गृहस्थ, माझ्याच वयाचे, म्हणजे चाळिशी ओलांडलेले. (नाव लिहीत नाही, त्याची परवानगी घेतलेली नाही.) मातीच्या भांड्यात दारू ओतून पेटवलेला शोरिसु, म्हणजे डुकराच्या मांसाचा सॉसेज, त्याच्यापुढे आला आणि त्या निळ्या ज्वाळेत त्याने मला विचारलं, कुठची? नाशिक म्हटल्यावर चेहरा कोरा. गोव्याच्या वर, म्हटल्यावर तो चाकू खाली ठेवून बघतच राहिला. त्याची आजी मडगावची. तिथून मोझांबिक, आणि १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर अख्खं कुटुंब लिस्बनला. अशी गोवेकर घराणी तिथे बरीच आहेत. याला कोंकणी येते ती आजीच्या स्वयंपाकघरातली, म्हणजे खाण्याची आणि ओरडा खाण्याची. माझं आजोळ वेंगुर्ल्याचं, तेव्हा ओरड्याचा भाग मला थेट कळला. “खाऽ गो,” म्हणत त्याने ताटली पुढे सरकवली, मी काही म्हणणार तोच दिवे गेले.

स्वयंपाकघरातून एक बाई आली. अॅप्रनवरच काळी शाल खांद्यावर टाकली, दोन वादकांच्या पुढे उभी राहिली, मान मागे टाकून डोळे मिटले. एकाच्या हातात साधी गिटार, तिला तिकडे व्हिओला म्हणतात. दुसऱ्याच्या हातात पोर्तुगीज गितारा, गोलसर पोटाची, पंख्यासारख्या डोक्याची, १२ तारांची. तारा जोडीजोडीने लावलेल्या असल्यामुळे तिच्या आवाजाला एक थरथर असते. शब्द मला कळत नव्हते. पण शेवटच्या ओळीआधी ती थांबली, वादकही तिच्यासाठी थांबले, आणि तिने श्वास घेईपर्यंत त्या खोलीत कुणीच घेतला नाही. समोर बसलेल्या माणसाकडे बघावं की बघू नये, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला, हेही लिहून ठेवते.

पुढच्या मध्यंतरात त्याने सांगितलं की फादोच्या मूळ चाली तीन मानतात: मेनोर, कुर्रीदु आणि मोरारिया. चाल ठरलेली, तिच्यावर कुणाचेही शब्द बसवायचे, आणि गाणाऱ्याने ओळ कुठे ताणायची, कुठे सोडायची यावर त्याची किंमत. मेनोर रडवतो. कुर्रीदु मात्र चक्क पळतो, त्यात टिंगलटवाळीही असते. फादो म्हणजे नुसती दुःखाची पेढी, असं जे पर्यटकांना सांगितलं जातं ते अर्धंच खरं. मग मी त्याला गोव्याच्या सोनिया शिरसाटबद्दल सांगितलं, ती फादोही गाते आणि मांडो हे गोव्याचं कोंकणी गाणंही. त्याला मांडो ठाऊक होता, आजी गुणगुणायची तेवढा. त्याने एक ओळ म्हणायला सुरुवात केली, आणि दिवे पुन्हा गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोरारियात फिरलो, त्या चालीला जिचं नाव आहे त्याच जुन्या वस्तीत. आता तिथे बांगलादेशी आणि भारतीय दुकानं आहेत, कोथिंबिरीच्या जुड्या आहेत, आणि रुआ दु कापेलांव या गल्लीच्या तोंडाशी दगडात कोरलेली गितारा आहे. मारिया सेवेरा इथली. फादो गाणारी, देहविक्रय करणारी, १८४६ मध्ये २६व्या वर्षी गेली. व्हिमियोझोच्या काउंटचं तिच्यावर प्रेम होतं, ही कथा लिस्बनमध्ये सगळ्यांना पाठ. मला त्या कथेत काउंटचं फार कौतुक होतं असं वाटतं. गात ती होती. हे मी बोलून दाखवलं तर तो हसला आणि म्हणाला, आमच्या आजीचंही हेच मत होतं.

जूनमध्ये गेलात तर १२ तारखेची रात्र चुकवू नका. दुसऱ्या दिवशी संत अँथनीचा सण. पादुआचा म्हणून जगाला माहीत असलेला हा संत जन्माने लिस्बनचा, आणि इथे त्याच्याकडे लग्नं जमवण्याचं खातं आहे. नगरपालिका दरवर्षी १२ तारखेला १६ जोडप्यांची लग्नं लावून देते. १९५८ मध्ये ऐपत नसलेल्यांसाठी ही प्रथा सुरू झाली, १९७४च्या क्रांतीनंतर थांबली, १९९७ मध्ये परत आली. रात्री आवेनिदा दा लिबेर्दादवर मोहल्ल्यामोहल्ल्यांच्या मिरवणुका निघतात. आल्फामात तर प्रत्येक दारापुढे कोळशावर सार्डिन भाजत असतात, त्या धुराने केस, ओढणी, सगळं मासळीबाजार होतं. फादोची शांतता वगैरे त्या रात्री विसरायची. कर्कश स्पीकरवर पिंबा वाजतं, द्व्यर्थी शब्दांची नाचाची गाणी, आणि आज्यासुद्धा त्यावर नाचतात. मीही नाचले. नाशिकमध्ये गणपतीत शेवटचं कधी नाचले होते ते आठवत नाही.

त्या रात्री मांजेरिकु द्यायचा असतो. तुळशीच्याच कुळातलं बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल छाटलेलं रोप, छोट्या कुंडीत. त्यात कागदी कार्नेशन आणि झेंडीवर चार ओळींची प्रेमाची कविता खोचलेली. त्याने माझ्यापुढे धरलं तेव्हा मी सवयीने नाक खाली नेलं, तर त्याने हात आडवा घातला. नाक लावलं तर रोप सुकतं म्हणे. तळवा पानांवरून फिरवायचा आणि मग तळव्याचा वास घ्यायचा. कवितेचा अर्थ त्याने सांगितला नाही, लाजला. पायऱ्या उतरताना गर्दीत त्याने हात धरला. खाली सपाट रस्ता लागला, गर्दीही पांगली, तरी तो हात तिथेच होता.

परतायच्या आधी आम्ही रेल्वेने कोइंब्राला जाऊन आलो. तिथला फादो वेगळा, विद्यापीठातला, पुरुषांनी काळे झगे घालून गायचा. जुन्या काळी मुलीच्या खिडकीखाली गायचे, तिला पसंत असेल तर तिने खोलीतला दिवा लावायचा-विझवायचा. टाळ्या वाजवायच्या नाहीत, खाकरायचं. एका छोट्या सभागृहात शेवटच्या गाण्यानंतर सगळे गंभीरपणे खाकरले आणि मला हसू आवरेना. कानाला लिस्बनचं गाणं जास्त आवडलं. कोइंब्राचे आवाज भरदार आहेत, पण कसे अगदी इस्त्री केलेले वाटतात.

माझ्या एका मैत्रिणीचं म्हणणं, परदेशात प्रेमात पडणं सोपं, कारण तिथे आपण कुणाची मुलगी, कुणाची घटस्फोटित बायको नसतो. मला पटलं नाही. तिथे तर पहिल्या पाच मिनिटांत आमच्या दोघांच्या आज्या निघाल्या होत्या. फरक पडला तो गप्प बसण्याने. गेल्या काही वर्षांत मी ज्यांना कॉफीला भेटले त्या प्रत्येकाने पगार, फ्लॅट आणि मागच्या लग्नाची चूक कुणाची हे पहिल्या कपातच सांगून टाकलं होतं. तास्कात ते शक्यच नव्हतं. बोलणं मध्येच तुटायचं, चार गाणी होईपर्यंत तसंच लोंबकळायचं, आणि दिवे लागल्यावर कळायचं की ते पूर्ण करायची गरज उरलेली नाही.

आता आम्ही रोज रात्री फोनवर बोलतो. त्याचा फोन येतो तेव्हा तिकडे संध्याकाळ असते, मागे ट्रामची घंटा ऐकू येते. डिसेंबरात तो आजीचं घर शोधायला मडगावला येतोय, तिथून वेंगुर्ला आणि मग नाशिक असा बेत आहे. आईला मी अजून सांगितलेलं नाही. ती हा ब्लॉग न चुकता वाचते.