इंजिनात उरलेलं दीड लिटर

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही पुण्याहून साताऱ्याला मामांकडे निघालो होतो. आई, बायको, मुलगी आणि डिकी भरून सामान. वाटेत खंबाटकीला तेव्हा जाताना घाट चढायचा आणि येताना बोगद्यातून यायचं, त्यामुळे पुण्याच्या गाडीची परीक्षा जातानाच व्हायची. दुपारचे बारा वाजलेले, पुढे मालाचा ट्रक, गाडी दुसऱ्या गिअरवर, एसी चालू. एका वळणावर सहज लक्ष गेलं तर टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर सरकलेला. पुढच्या वळणापर्यंत तो पाऊण झाला.

एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर पूर्ण गरमवर फिरवून पंखा जोरात सोडला. आई म्हणाली, "अरे, मे महिन्यात हीटर कसला लावतोस?" पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची थोडी उष्णता तो गाडीत ओढून घेतो. काटा तिथेच थबकला. रुंद जागा मिळाल्यावर गाडी कडेला घेतली, बंद केली, बॉनेट उघडलं. एक भला माणूस बाटली घेऊन धावत आला आणि झाकणाला हात घालायला लागला. मी त्याला अक्षरशः मनगट धरून थांबवलं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं की आतला दाब एकदम सुटतो, उकळतं पाणी कारंज्यासारखं तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो. मग फडकं धरून झाकण उघडलं. रेडिएटरला जोडलेल्या बाहेरच्या टाकीत तळाला दोन बोटं पाणी होतं, तेही चहासारखं तपकिरी. बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतून, काट्यावर डोळा ठेवून साताऱ्याला पोचलो.

मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांनी चहा व्हायच्या आधीच बॉनेट उघडायला लावलं. पहिल्यांदा इंजिन ऑइलचं झाकण काढून उलटं करून पाहिलं. तिथे दुधाळ, कॉफीवरच्या फेसासारखा थर असता तर पाणी ऑइलमध्ये शिरलंय, म्हणजे हेड गॅस्केट (पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी इंजिनातली पट्टी) गेली, असं समजायचं. तसं काही नव्हतं. होस, म्हणजे पाण्याची रबरी नळी, कुठे ओला नव्हता. इंजिन चालू करून ठेवलं तर रेडिएटरचा पंखाही वेळेवर लागला. मग त्यांनी रेडिएटरचं झाकण माझ्या हातात दिलं. खालचं रबर नखाने दाबलं तर बारीक तडे उघडले.

"ह्यावर ०.९ लिहिलंय ते वाच," मामा म्हणाले. "तेवढा दाब ह्यानं धरायला पाहिजे. हे धरतच नाही. मग पाणी लवकर उकळणार आणि वाफ होऊन जाणार."

हा हिशेब मला तेव्हा नीट कळला. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं. ०.९ बारचा जादा दाब दिला की तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. त्यात निम्मं कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं द्रव) असेल तर आणखी वर. दोनशे-अडीचशे रुपयांचं झाकण गेलं की ही सगळी सवलत गेली. आणि पाणी कमी होतंय म्हणून गेले दोन उन्हाळे मी काय घालत होतो? सोसायटीच्या बोअरचं पाणी. सोलरच्या नळाच्या तोंडावर जे पांढरं साचतं तेच क्षार मी दर महिन्याला इंजिनात घालत होतो. मामांनी वरचा होस दाबायला सांगितला. थंड होस दाबला की आत काहीतरी कुरकुरल्यासारखं लागलं. होस जिथे रेडिएटरला बसतो तिथे पांढरी-हिरवी पापडी धरली होती. नुसतं झाकण बदलून भागणार नव्हतं, आतलं सगळं धुऊन काढणं भाग होतं.

आपल्याकडे बऱ्याच लोकांना वाटतं, कुलंट म्हणजे काश्मीरात पाणी गोठू नये म्हणून घालायची वस्तू. अर्धं पाणी, अर्धं कुलंट असं मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही हे खरं, पण साताऱ्यात त्याचा काय उपयोग? आपल्या कामाचं आहे ते दुसरंच. त्यातलं इथिलिन ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि सोबतची रसायनं ॲल्युमिनियम, लोखंड, रबर गंजू-कुजू देत नाहीत. ही रसायनं वापराने संपत जातात. कुलंट दिसायला हिरवंगार असतं आणि आतून निकामी झालेलं असतं. रंगावर तर अजिबात जाऊ नये. कुठला रंग द्यायचा हे कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. गाडीच्या पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तो बाटलीवर आहे का एवढंच पाहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन पूर्ण थंड असताना सुरुवात केली. मामांच्या अंगणात फाटकाकडे चढ आहे, तिथे गाडीचं तोंड वर करून लावली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दगड लावले. खाली जुनं घमेलं. रेडिएटरच्या तळाला प्लॅस्टिकची तोटी असते, तिला हात लावला तर हलेना. मी पक्कड घेतली, तर मामांनी हात धरला. दहा वर्षांचं प्लॅस्टिक, तुटलं तर रेडिएटरच बदलावा लागेल. त्यापेक्षा खालचा होस काढ म्हणाले. क्लिप पकडीने दाबून मागे सरकवली, होस हलक्या हाताने पिळून सुटा केला आणि भसकन पाणी आलं. पावसाळ्यात पहिल्या लोंढ्याला ओढ्याचं येतं तसं, तांबूस, गढूळ. घमेल्याच्या कडेला गंजाची बारीक भुकटी साचली.

घमेलं थोडं उतू गेलं आणि नेमका तेव्हाच मामांचा मोत्या नाक लावायला आला. मी आयुष्यात त्याच्यावर कधी ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. इथिलिन ग्लायकॉल चवीला गोड असतं, म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊन जीव जातो. लहान मुलांनाही तोच धोका. मामींनी मोत्याला आत बांधलं आणि मुलीलाही घरात घेतलं. सांडलेल्यावर कोरडी माती टाकून ती सगळी खरवडून पिशवीत भरली आणि मगच फरशी धुतली. दोन दिवस घमेलं एक मिनिटही उघडं ठेवलं नाही.

निघालेलं पाणी मी मापाच्या बाटलीने कॅनमध्ये भरलं तर भरलं अडीच लिटर. पुस्तकात इंजिन आणि रेडिएटरची मिळून क्षमता ४ लिटर लिहिलेली, बाहेरची टाकी सोडून. म्हणजे दीड लिटर आतच, इंजिनाच्या पोकळ्यांमध्ये आणि हीटरमध्ये. रेडिएटर रिकामा झाला की काम झालं असं मी समजत होतो. तसं नसतं. घरी हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा आपल्या गाडीपुरता आधी काढावा, पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

बॅटरीवाल्याकडून २० लिटर डिस्टिल वॉटरचा कॅन आणला होता. होस बसवून अडीच लिटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालू केलं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद असतो, पाणी आतल्या आतच फिरतं, रेडिएटरकडे जातच नाही. त्यामुळे पाच मिनिटं इंजिन फिरवून पाणी सोडून दिलं तर धुतलं काहीच जात नाही. मी वरच्या होसवर तळहात ठेवून बसलो, पंख्यापासून लांब, कारण तो कधीही आपोआप सुरू होतो. दहा-बारा मिनिटं होस कोमटही नव्हता. मग एका क्षणी आतून गरम लाट आल्यासारखी झाली आणि हात काढावा लागला. थर्मोस्टॅट उघडला. त्यानंतर दहा मिनिटं फिरू दिलं, इंजिन बंद केलं, आणि थंड व्हायची वाट पाहिली. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो, त्यामुळे इथे घाई करायची सोयच नाही. एका फेरीला दोन तास धरा.

दर फेरीला जुन्यातलं साधारण ३७ टक्के मागे उरतं. पहिल्यांदा भरल्यावर ३७, दुसऱ्यांदा १४, तिसऱ्यांदा ५, चौथ्यांदा २. आम्ही पहिल्या दिवशी दोन फेऱ्या केल्या, दुसऱ्या दिवशी दोन. तिसरीलाही पाणी पिवळसर होतं. चौथीचं काचेच्या ग्लासात धरून उजेडात पाहिलं, नितळ होतं. आतून धुवायचं फ्लशिंगचं औषध मिळतं, पण मामांचं मत पडलं की इतक्या जुन्या पापडीला औषध घातलं की तिचे तुकडे सुटून हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतील. व्हिनेगर-लिंबूसत्त्वाचे उपायही आम्ही टाळले, ॲल्युमिनियमशी आम्लाचा खेळ नको.

मधल्या वेळात बाहेरची टाकी काढली. आतला तपकिरी थर ब्रशने पोचत नव्हता. मामींनी मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून ती खळखळून हलवली, पूर्वी अरुंद तोंडाच्या बाटल्या धुवायच्या तशी. तिसऱ्या वेळी लो आणि फुलच्या रेघा दिसायला लागल्या. तांदळाचा एकही दाणा आत राहिला नाही ना, हे मी टॉर्च लावून तपासलं.

आता कुलंट. मी आदल्या दिवशी साताऱ्यातल्या पोवई नाक्यावरून ५ लिटरचा तयार कुलंटचा कॅन आणून ठेवला होता, सरळ ओतायचा. मामांनी कॅन फिरवून वाचला.

"ह्यात निम्मं पाणी आधीच आहे ना?"

"हो मामा, म्हणून तर घेतलं. मिसळायची कटकट नको."

"आणि इंजिनात दीड लिटर पाणी बसलंय, त्याचं काय?"

मी कागद घेतला. अडीच लिटर तयार कुलंट म्हणजे खरं कुलंट सव्वा लिटर. ते ४ लिटरमध्ये पसरलं तर ३१ टक्के. पुस्तकात लिहिलंय अर्धं-अर्धं. दोन दिवस राबून मी पातळ कुलंटवर गाडी चालवणार होतो, आणि टाकीतला रंग तर फक्कड दिसला असता. तसाच पोवई नाक्यावर गेलो. सील फोडलेलं नव्हतं म्हणून दुकानदाराने कॅन परत घेतला आणि त्याच प्रकाराचं, पाणी न घातलेलं ३ लिटर कुलंट दिलं. त्याच्याकडूनच ०.९ चं झाकणही घेतलं.

घरी येऊन नरसाळ्याने आधी निव्वळ कुलंट २ लिटर ओतलं, मग डिस्टिल वॉटर अर्धा लिटर. आतलं दीड लिटर पाणी धरून दोन आणि दोन. उरलेल्या एका लिटरमध्ये लिटरभर पाणी मिसळून टाकी फुलच्या रेघेपर्यंत भरली, बाकीचं बाटलीत ठेवलं. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'विष' लिहिलं आणि ती माळ्यावर ठेवली.

हवा काढणं हा शेवटचा भाग, आणि मला सगळ्यात अवघड गेला. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, हीटर गरमवर. वरचा होस हळूहळू दाबत-सोडत राहिलो. गुडगुड करत बुडबुडे येत होते. थर्मोस्टॅट उघडला तशी पातळी एकदम खाली गेली, जपून थोडं मिश्रण घातलं. पंखा एकदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले, मला वाटलं झालं. झाकण लावून एक चक्कर मारली तर काटा जागेवर, पण हीटरमधून गार हवा! डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येत होता. हीटरमध्ये हवेचा फुगा अडकलेला. इंजिन थंड होऊ दिलं आणि परत तेच केलं. या वेळी चाकाखाली दगड रचून तोंड आणखी वर घेतलं आणि पंखा दोनदा लागेपर्यंत थांबलो. एक मोठा फुगा आला, पेलाभर जागा झाली, ती भरली. हीटरमधून कढत वारं आलं.

संध्याकाळी मामांना शेजारी बसवून यवतेश्वरचा घाट चढलो. शहर संपलं की लगेच चढ सुरू होतो. एसी चालू, दुसरा गिअर. काटा अर्ध्याच्या खाली एक रेघ, वरपर्यंत तिथून हलला नाही. वर थांबून होसच्या क्लिपा टॉर्चने पाहिल्या, कोरड्या होत्या. मामांनी होसचं टोक बोटाने पुसून बोट हुंगलं आणि मान हलवली.

जुन्या पाण्याचे कॅन गटारात ओतले नाहीत. मामांच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे वापरलेलं ऑइल-कुलंट न्यायला माणूस येतो, तिथे दिले. बॉनेटच्या आतल्या बाजूला पट्टी चिकटवून तारीख, किलोमीटर, कुलंटचा प्रकार आणि 'आत उरतं १.५ लिटर' असं लिहिलं. पुढच्या खेपेला आधी तेच लागणार.

सकाळी थंड इंजिनावर टाकी पाहिली तर पातळी फुलच्या रेघेखाली बोटभर उतरली होती, म्हणजे राहिलेली हवाही निघाली. माळ्यावरची बाटली काढून तेवढं भरलं. ऑगस्टमध्ये खंबाटकी परत चढलो, भर पावसात, ट्रकच्या मागे. त्या बाटलीला मेनंतर हात लावायची वेळ आली नव्हती.