शेजारी नवं वॉशिंग सेंटर येतंय, तरी जुनं विकत घ्यायचं असेल तर

चालू वॉशिंग सेंटर विकायला निघालेलं आहे, जागा रस्त्याला लागून आहे, ‘स्वतः धुवा’ची, म्हणजे गिऱ्हाईकानं स्वतःच गाडी धुवायची सेल्फ-सर्व्हिसची, दोन खणंही बसवलेली आहेत, आणि पाचशे मीटरवर दुसऱ्या कुणाचा तरी पाया खणला जातोय. अशा सौद्यात घेणाऱ्याचं सगळं लक्ष त्या पायाकडे असतं. मराठवाड्यात मात्र आधी बघायचं ते बोअर. नवा शेजारी आपलं गिऱ्हाईक ओढून नेईल ते पुढं कधीतरी. बोअर आटलं तर मे महिन्यातच शटर खाली येतं.

बोअर तपासायला भूजलतज्ज्ञ लागत नाही. दोनशे लिटरचा ड्रम आणि मोबाईलमधलं घड्याळ पुरतं. मोटर चालू केल्यावर ड्रम भरायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. मोटर बंद न करता तीन तासांनी पुन्हा मोजा. सुरुवातीला दोन मिनिटांत भरणारा ड्रम तीन तासांनी पाच मिनिटं घेत असेल, तर ताशी सहा हजार लिटरचं बोअर प्रत्यक्षात चोवीसशेचं आहे. आपल्याकडं खाली काळा बेसाल्ट. पाणी खडकाच्या फटींत आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळं वरचं साठलेलं संपलं की खरी आवक उघडी पडते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घेतलेली चाचणी फसवी असते. सौदा तेव्हा होत असेल तर मागच्या दोन उन्हाळ्यांच्या टँकरच्या पावत्या मागा. ‘टँकर लागलाच नाही’ असं उत्तर आलं तर शेजारच्या दुकानदाराला विचारा, त्याला माहीत असतं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष पुन्हा आलं तर प्रशासनाची नजर आधी वॉशिंग सेंटरांवरच जाते, हे किंमत ठरवतानाच धरलेलं बरं.

किती पाणी लागतं? पाच एचपीच्या मोटरवरचा तीन प्लंजरचा (पाणी दाबणाऱ्या दांड्यांचा) पंप शंभर बार दाबाला मिनिटाला साधारण अठरा लिटर फेकतो. एका कारला गन सात मिनिटं चालली तर सव्वाशे लिटर, खालून चिखल काढायचा असेल तर दीडशे. दिवसाला चाळीस गाड्या म्हणजे सहा हजार लिटर. हे गणित विकणाऱ्याच्या वहीपेक्षा जास्त कामाचं आहे, कारण त्यावरूनच वही खरी की खोटी ते कळतं. पंप, व्हॅक्युम, कॉम्प्रेसर आणि बोअरची मोटर धरून एका कारमागं पाऊण ते एक युनिट वीज जाते. चार दुचाकी म्हणजे साधारण एक कार धरा. ‘रोज चाळीस गाड्या’ खऱ्या असतील तर महावितरणच्या बिलावर महिन्याला नऊशे ते बाराशे युनिट दिसायलाच हवेत. पाचशेच दिसत असतील तर गाड्या वीसच्या आसपास आहेत, मालक कितीही शपथा घेवो. बिलं वर्षभराची बघा. दसरा, दिवाळी आणि लग्नसराईचे महिने बाजूला काढून उरलेल्यांची सरासरी घ्या.

आता शेजारचा पाया. तिथं नेमकं काय येतंय? साधा रॅम्प आणि दोन पोरं, की चार-सहा सेल्फ-सर्व्हिस खणं? ट्रान्सफॉर्मर आणि तीन फेजचा अर्ज गेलाय का? त्याच्या जागेत विहीर आहे का? रस्त्याची कुठली बाजू, आणि दुभाजकाची फट त्याच्या दारात आहे की तुमच्या? गावात येणाऱ्याला आधी त्याचं दार लागत असेल तर तुमच्याकडं येतील ते जुने ओळखीचे आणि त्याच्याकडं रांग असताना पुढं सरकलेले. नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत बांधकाम परवानगीची चौकशी करा, आणि साइटवरच्या मिस्त्रीला चहा पाजून किती खणांचं काम आहे ते विचारा. मिस्त्री सहसा खोटं बोलत नाही, त्याला गरजच नसते.

स्पर्धेनं नफा किती पडतो, याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. समजा महिन्याचा गल्ला दीड लाख. भाडं, पगार, विजेचा स्थिर आकार, किरकोळ असा न हलणारा खर्च ऐंशी हजार. शाम्पू, युनिट, पाणी असा गाडीमागचा खर्च पंचवीस हजार. हातात उरले पंचेचाळीस. शेजारी सेंटर सुरू झालं आणि एक तृतीयांश गाड्या गेल्या: गल्ला एक लाख, गाडीमागचा खर्च सुमारे सतरा हजार, ऐंशी हजार तसेच. उरले तीन हजार. तिसरा हिस्सा धंदा गेला आणि नफा जवळजवळ सगळाच गेला. म्हणून ‘दोन वर्षांचा नफा अधिक मशीन’ या हिशेबानं मागितलेली किंमत इथं देऊ नये. मशीनची जुन्या बाजारातली किंमत धरा, त्यावर घटलेल्या गल्ल्यातून जे उरेल तेवढ्यापुरतंच काही द्या.

सेल्फ-सर्व्हिस खणाचा खरा उपयोग इथंच आहे. पगाराचा आकडा खाली येतो, म्हणजे कमी गल्ल्यातही तग धरता येतो. पण पोरगा उभा असताना कारवाला माणूस बाह्या वर करत नाही. स्वतः धुणारे म्हणजे दुचाकीवाले, रिक्षा आणि काळीपिवळीचे ड्रायव्हर, टेम्पोवाले. तेव्हा खणाचा दर आणि मिनिटं त्यांच्या हिशेबानं ठेवावी लागतात. एक माणूस तरीही लागतोच. नाहीतर कुणीतरी फवारणीचा पंप घेऊन येतो, किंवा शेतातून थेट आलेला ट्रॅक्टर खणात घालून पंधरा मिनिटांत गाळाचं चेंबर भरून टाकतो.

या खणांत बघायचं ते टायमर. क्यूआरवर पैसे आले की प्रेशर सुरू, वेळ संपली की बंद. पण बंद काय होतं? नुसता सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडझाप होणारी पाण्याची झडप) बंद होत असेल आणि मोटर फिरतच राहत असेल, तर तेच पाणी पंपाच्या हेडमध्ये गोल फिरून तापतं आणि सील जळतात. टायमरनं मोटरचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, तोडला पाहिजे, निदान बायपास लाइन (जादा पाणी वळवणारा पाइप) परत टाकीत तरी सोडलेली हवी. ओल्या फरशीवर अनोळखी माणूस गन धरतो, त्यामुळं तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती करंट झाला की वीज तोडणारा स्विच) आणि चालू स्थितीतलं अर्थिंग नसेल तर आधी ते, मग पुढची बोलणी. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरही बघा, एक फेज गेली की तो मोटर बंद करतो. एक फेज गेल्यावर जळालेली मोटर ही आपल्याकडची नेहमीची रड आहे.

पंप थंड असताना सुरू करायला लावा आणि वीस मिनिटं चालवा. ऑइलच्या काचेत दुधाळ रंग दिसला तर पाणी तेलात शिरलंय. गेजचा काटा थरथरत असेल तर सक्शनला (पाणी ओढायच्या बाजूला) हवा लागतेय किंवा एक व्हॉल्व्ह अडकलाय. आधी फिल्टर आणि पाइपाच्या क्लिपा बघा, स्वस्तातला दोष तिथंच असतो. गन सोडल्यावर काटा उसळी मारून बेल्ट किंचाळला तर अनलोडर (गन बंद असताना दाब सोडणारा व्हॉल्व्ह) अडकलेला आहे. पाणी भरपूर पण जोर नाही, म्हणजे बहुधा नोझल झिजलंय, आणि ते काही किमतीवर अडून बसण्याचं कारण नव्हे. लिफ्टवर गाडी चढवून तासभर तशीच ठेवा, आधी आणि नंतर उंची मोजा. खाली सरकली असेल तर सील गेलंय, आणि रॅमवर (लिफ्ट उचलणाऱ्या दांड्यावर) गंजाचे खड्डे असतील तर नवं सीलही टिकणार नाही. लिफ्टच्या खांबाला ओळंबा लावून बघा. काळ्या मातीवर पुरेसा मुरूम न भरता कोबा टाकला असेल तर भेगांतून पाणी खाली जातं, माती फुगते आणि खांब कलतो. हे दुरुस्त करायचं म्हणजे सगळं उखडून पुन्हा भराव.

चेंबर तीन कप्प्यांचं हवं: पहिल्यात गाळ, दुसऱ्यात तेल, तिसऱ्यात निवळलेलं पाणी. काळ्या मातीचे कण इतके बारीक की नुसतं थांबवून पाणी निवळत नाही, तुरटी लागते. निवळलेलं पाणी गाडीच्या खालच्या बाजूला वापरा, रंगावर नको, बारीक ओरखडे पडतात. हे पाणी उघड्या नालीत सोडलेलं असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आहे का ते विचारा. शेजाऱ्याच्या तक्रारीनंतर धावपळ तुम्हालाच करायची आहे.

नव्या सेंटरवर मात करायची जागा एकच आहे असं मला वाटतं, आणि ती म्हणजे शेवटचं पाणी. आपलं बोअरचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. उन्हात सुकलं की काळ्या गाडीवर पांढरे डाग. सेल्फ-सर्व्हिसवाला गाडी नीट पुसत नाही, त्यामुळं त्याला ते जास्त दिसतात. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरनं क्षार जात नाहीत, फक्त बदलतात; डाग पडतो पण सहज पुसला जातो. डागच नको असेल तर शेवटच्या धुण्यापुरता आरओ (क्षार गाळून काढणारं फिल्टर) हवा, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, पन्नासच्या खाली. आरओचं वाया जाणारं पाणी पहिल्या चिखलाला वापरता येतं. टीडीएस मीटर खिशात मावतो, सौद्याआधी दोन्हीकडचं पाणी मोजून या.

कागदांत दोन गोष्टी. जागा भाड्याची असेल तर मूळ मालकाची लेखी संमती, उरलेली मुदत, आणि बोअर व मीटर कुणाच्या नावावर आहे ते स्पष्ट हवं. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदणीकृतच लागतो. दुसरं, विकणारा स्वतःच तर शेजारी नवं काढत नाही ना? ‘पुन्हा हा धंदा करणार नाही’ एवढंच लिहून घेतलेलं भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळं टिकत नाही. मात्र त्याच कलमात गुडविलच्या, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाच्या आणि बांधलेल्या गिऱ्हाइकाच्या, विक्रीला अपवाद आहे. म्हणून करारात गुडविल विकल्याचा उल्लेख, त्याची वेगळी रक्कम, आणि किती किलोमीटरच्या हद्दीत तो असा धंदा करणार नाही हे वकिलाकडून लिहून घ्या. तिथं विकणारा कुरकुर करायला लागला तर इसाराचे पैसे खिशातच राहू द्या आणि त्या मिस्त्रीकडं पुन्हा एकदा चहाला जाऊन या.