साडेसात इंचांचा सेकंद

छोट्या गावातल्या रेडिओ केंद्राचा इतिहास शोधायला गेलं की आधी हाती लागतो तो उद्घाटनाचा फोटो. फीत कापणारे पाहुणे, मागे माना उंचावून उभी राहिलेली मंडळी. या फोटोत उद्घोषक मात्र सापडत नाही. तो बिचारा आत, बंद दाराआड, घड्याळाकडे बघत बसलेला असतो.

मग सापडतं लॉगबुक. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू; पहिली सभा समाप्त, मध्ये चार मिनिटं वीज गेली, खाली सही. कुणी किती वेळ बोललं हे त्यात मिनिटागणिक मिळतं, काय बोललं ते नाही. म्हणून माणूस शेवटी टेपांच्या कपाटाशी जातो आणि तिथे त्याची खरी फजिती होते.

अशाच एका कपाटातला एक खोका मी हातात घेऊन पाहिला आहे. त्यावर एकावर एक चार लेबलं चिकटवलेली होती. सगळ्यात वर मुलांचा कार्यक्रम, त्याच्या फाटक्या कोपऱ्यातून डोकावणारा पीकसल्ला, त्याखाली आणखी काहीतरी. चुंबकीय टेप महाग, म्हणून कार्यक्रम वाजला की पुसायचा आणि त्याच टेपवर नवा भरायचा. मोठमोठ्या केंद्रांनीही हेच केलं, लहानांची काय कथा! थोडक्यात, केंद्र जितकं कामसू, तितका त्याचा इतिहास कोरा.

त्या टेपचं एक मला फार आवडतं. ती बऱ्याचदा सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावायची. म्हणजे आवाजाला लांबी होती. पाहुणे बोलता बोलता अर्धा सेकंद खोकले, तर तो खोकला पावणेचार इंच भरायचा. संपादन करणारा रिळं हाताने मागेपुढे फिरवून तो नेमका पकडायचा, पेन्सिलीने दोन खुणा करायचा, टेप खाचेत बसवून ब्लेडने तिरपी कापायचा आणि टोकं चिकटपट्टीने जोडायचा. तिरपी अशासाठी की सांधा कानाला कळू नये. कापलेला खोकला खालच्या टोपलीत. संध्याकाळपर्यंत त्या टोपलीत गावातल्या कितीतरी जणांचे ‘अं’, ‘म्हणजे’, उसासे आणि घसा खाकरणं साठायचं. मला विचाराल तर गावाचा अस्सल आवाज त्या टोपलीत होता. हवेत गेला तो इस्त्री केलेला.

खरं तर रेडिओ जन्माला आला तो असा घरगुतीच. पिट्सबर्गजवळच्या विल्किन्सबर्गमध्ये फ्रँक कॉनरॅड नावाचा अभियंता आपल्या गॅरेजमधून हौसेने रेकॉर्डी वाजवायचा. ऐकणारे वाढले, रेकॉर्डी संपल्या. मग एका दुकानदाराने त्या पुरवल्या. अट एवढीच की दुकानाचं नाव घ्यायचं. स्थानिक रेडिओचं अर्थशास्त्र या एका सौद्यात आलं! पुढे कॉनरॅड जिथे नोकरीला होता त्या वेस्टिंगहाऊस कंपनीने केडीकेए हे केंद्र उभारलं आणि २ नोव्हेंबर १९२० च्या रात्री अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. रेडिओ मोठा झाला तो तेव्हापासून.

मोठ्या झालेल्याला गावाकडे परतायला वेळ लागतोच. बीबीसी सुरू झाली १९२२ मध्ये, तिचं पहिलं स्थानिक केंद्र लेस्टरला निघालं ८ नोव्हेंबर १९६७ रोजी. लंडन ते लेस्टर, पंचेचाळीस वर्षं. आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र नागरकोविलला आलं, तेही १९८४ मध्ये.

या सगळ्यांत मला जवळची वाटते ती तेलंगणातल्या मेदक भागातली संगम रेडिओची गोष्ट. तिथल्या दलित बायकांनी आपला स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या शेवटीच थाटला होता. प्रसारणाचा परवाना नव्हता. म्हणून काय बसून राहायचं? त्या कार्यक्रम ध्वनिमुद्रित करायच्या आणि टेप गावोगावच्या बैठकांत नेऊन ऐकवायच्या. २००६ च्या सरकारी सामुदायिक रेडिओ धोरणाने गावपातळीवरच्या संस्थांना दार उघडलं आणि २००८ मध्ये ९०.४ मेगाहर्ट्झवर त्यांचं केंद्र खरोखर हवेत गेलं. तोवरचं केंद्र पिशवीतून फिरत होतं. लॉगबुकात याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

आणि हवेत जाऊन तरी किती जाणार? एफएमच्या लहरी जवळपास सरळ रेषेत चालतात, मध्ये डोंगर आला की अडखळतात. म्हणून मनोऱ्याची उंची महत्त्वाची. लहान केंद्राची हद्द नकाशावर नसते, ती रस्त्याच्या एखाद्या वळणावर असते. गाडी वळते, उद्घोषिकेचं वाक्य खरखरीत बुडतं, आणि तिने कुणाच्या हरवलेल्या शेळीचे पुढचे तपशील सांगितले ते आपल्याला कधीच कळत नाही. वळणाअलीकडच्या लोकांना मात्र ती शेळी कुणाची हेही ठाऊक असतं.

तर तो खोका. कपाट बंद करण्याआधी मी नखाने वरची लेबलं जरा सोलून पाहिली. सगळ्यात तळाचं लेबल पिवळं पडलं होतं, कार्यक्रमाचं नाव डिंकात विरघळून गेलं होतं. खालची ओळ तेवढी लाल शाईत शाबूत होती : ‘जपून ठेवणे. पुसू नये.’