तुम्ही विचारलंत म्हणून : कांद्यानंच पाडलं का?

मी नाशिकचा म्हटलं की पुण्या-मुंबईचे नातेवाईक असोत नाहीतर गाडीत शेजारी बसलेलं कुणी अनोळखी, २०२४ च्या लोकसभेपासून एक प्रश्न हमखास येतो. "तुमच्याकडे कांद्यानंच पाडलं ना सगळ्यांना?" विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, त्याला फक्त माझा होकार हवा असतो. तो मला मनापासून देता येत नाही. उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगण्यासारखंही ते नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

२०१९ मध्ये उत्तर महाराष्ट्रातल्या सहाच्या सहा जागा युतीकडे होत्या. नंदुरबार, धुळे, जळगाव, रावेर आणि दिंडोरी भाजपकडे, नाशिक शिवसेनेकडे. ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा त्यातल्या जळगाव आणि रावेर या दोनच उरल्या. नंदुरबार आणि धुळे काँग्रेसनं घेतलं, दिंडोरी शरद पवारांच्या राष्ट्रवादीनं, नाशिक उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेनं.

आता नाशिक जिल्ह्यापुरतं बोलू. आमच्या जिल्ह्यात विधानसभेच्या १५ जागा आहेत आणि त्या लोकसभेच्या तीन मतदारसंघांत वाटल्या आहेत. शहरातल्या तीन जागा, देवळाली, सिन्नर आणि इगतपुरी मिळून नाशिक. निफाड, येवला, चांदवड, नांदगाव, दिंडोरी, कळवण मिळून दिंडोरी. आणि मालेगावच्या दोन्ही जागा व बागलाण जातात धुळ्याला. हे बाहेरच्यांना माहीत नसतं. त्यामुळे 'नाशिकचा कौल' म्हणून जे बोललं जातं, ते खरं तर तीन वेगळ्या निवडणुकांबद्दल असतं. तिन्हीकडे एकाच दिवशी, २० मे ला मतदान झालं, एवढंच त्यांच्यात सारखं.

कांद्याची खरी निवडणूक झाली ती दिंडोरीत. तिथे कांद्याचं महत्त्व कितीही सांगितलं तरी कमीच पडेल. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं आणि ८ डिसेंबरला थेट निर्यातबंदी केली. शहरातल्या माणसाला यात फक्त बंदी दिसते. शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर तारीख असते. डिसेंबर म्हणजे लाल कांद्याचा हंगाम. उन्हाळ कांदा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरून चार-सहा महिने भावाची वाट बघता येते. लाल कांद्याचं तसं नाही. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे माल हातात धरून ठेवता येत नाही नेमक्या त्याच वेळी बाहेरची बाजारपेठ बंद झाली. भाव कोसळले, बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पाडले गेले, रस्ते अडवले गेले.

माझा मावसभाऊ निफाड तालुक्यात कांदा करतो. त्या डिसेंबरात मी त्याच्याकडे गेलो होतो. अंगणात कांद्याची प्रतवारी चालली होती. मोठा माल एकीकडे, गोल्टी म्हणजे बारीक कांदा एकीकडे, फुटका-सडका बाजूला. वहिनींच्या हाताचा वेग नेहमीसारखाच होता, पण बोलत कुणीच नव्हतं. भाऊ दोन दिवसांपूर्वीच पिकअप घेऊन लासलगावला जाऊन आला होता. लिलावात त्याच्या वक्कलापाशी, म्हणजे विक्रीला आणलेल्या मालापाशी, व्यापारी जेमतेम थांबले आणि पुढे गेले, असं त्यानं सांगितलं. मिळालेल्या पैशांतून काढणीची मजुरी आणि गाडीभाडं वजा केल्यावर काय उरलं, हे मी विचारलं नाही. मार्चअखेर बंदी उठेल या आशेवर ही माणसं होती. मार्चमध्ये ती पुढे ढकलली गेली. एप्रिलच्या शेवटी गुजरातच्या पांढऱ्या कांद्याच्या २,००० टन निर्यातीला परवानगी मिळाल्याची बातमी आली. २,००० टन म्हणजे फार नव्हे, पण त्या बातमीनं लासलगाव-पिंपळगाव पट्ट्यात जेवढा राग पेटला तेवढा बंदीनंही पेटला नव्हता, असं माझं मत आहे. बंदी हे संकट होतं, सगळ्यांवर सारखंच. हा मात्र दुजाभाव वाटला. ४ मे ला बंदी उठली खरी, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य (त्याखाली बाहेर विकायचं नाही) आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १५ मे ला पिंपळगाव बसवंतला पंतप्रधानांची सभा झाली आणि भर सभेत गर्दीतून आवाज आला, "कांद्यावर बोला". पुढे पाच दिवसांनी मतदान.

दिंडोरीत भारती पवार पडल्या. त्या केंद्रात आरोग्य राज्यमंत्री होत्या आणि २०१९ ला १,९८,७७९ मतांनी निवडून आल्या होत्या. या वेळी त्यांना हरवलं भास्कर भगरे यांनी. लोक त्यांना भगरे सर म्हणतात, पेशानं शिक्षक. फरक १,१३,१९९. आणि याच मतदारसंघात भगरे आडनावाचा आणखी एक अपक्ष उमेदवार होता, नावापुढे 'सर' लावलेला, चिन्ह तुतारी. भगरे सरांच्या पक्षाचं, शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं, चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला १,०३,६३२ मतं पडली. बाहेरचे हे ऐकून हसतात. मला त्यात मतदारांची चेष्टा करावीशी वाटत नाही. यंत्रासमोर काही सेकंद उभं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसानं नाव वाचलं, सर वाचलं, तुतारी बघितली आणि बटण दाबलं. त्याला काय म्हणायचं होतं ते स्पष्ट आहे, ते मोजलं मात्र गेलं दुसऱ्याच खात्यात.

तरीही दिंडोरीतसुद्धा नुसता कांदा नव्हता. सुरगाणा-कळवणच्या आदिवासी पट्ट्यात लाल बावट्याचं जुनं बळ आहे. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला निघालेल्या लाँग मार्चमधली कितीतरी माणसं तिथलीच. २०१९ ला माकपचे जे. पी. गावित दिंडोरीतून उभे होते आणि लाखाच्या वर मतं घेऊन गेले होते. २०२४ ला त्यांनी भगरेंसाठी अर्ज मागे घेतला. त्या डोंगरात कांदा हा विषयच नाही. तिथे वनजमिनीचे पट्टे आणि पाणी.

नाशिक मतदारसंघाची गोष्ट तर वेगळीच आहे. शहर, औद्योगिक वसाहती, देवळालीची छावणी, इगतपुरीचा भातशेतीचा पट्टा. इथे महायुतीचं घोडं उमेदवारीवरच अडलं. हेमंत गोडसे दोनदा खासदार होते, २०१९ ला २,९२,२०४ मतांनी जिंकले होते. जागा हवी होती छगन भुजबळांनाही. एप्रिल अर्धा उलटल्यावर भुजबळांनी माघार घेतली, गोडसेंचं नाव जाहीर व्हायला मे उजाडला. तोवर ठाकरेंच्या शिवसेनेचे राजाभाऊ वाजे मार्चपासूनच गावोगाव फिरत होते. वाजे सिन्नरचे, तिथले माजी आमदार. सिन्नरचे तेव्हाचे आमदार महायुतीत असूनही तालुका वाजेंच्या मागे उभा राहिला आणि निकालाचं पारडं सिन्नरनंच झुकवलं. फरक १,६२,००१. अपक्ष उभे राहिलेल्या शांतिगिरी महाराजांची मतं गोडसेंना नडली असं म्हणणारे भेटतात, पण महाराजांना मिळाली ४४ हजारांच्या आसपास. ती सगळी मिळवली तरी खड्डा भरत नाही. मराठा आरक्षणाचा ताण, दलित वस्त्यांत संविधानाची काळजी, फुटलेल्या शिवसेनेबद्दलची हळहळ, हे सगळं मी त्या दिवसांत चहाच्या टपरीवर ऐकत होतो. कांदा क्वचितच.

धुळे तर मालेगावनं फिरवलं. सुभाष भामरे २०१९ ला २,२९,२४३ मतांनी जिंकले होते, या वेळी शोभा बच्छाव यांच्याकडून ३,८३१ मतांनी हरले. बच्छाव नाशिकच्या, महापौर राहिलेल्या. धुळ्यात त्यांना बाहेरच्या म्हणत होते. मतमोजणीत भामरे पाच विधानसभा क्षेत्रांत पुढे होते आणि एकट्या मालेगाव मध्यनं बच्छावांना १ लाख ९० हजारांवर आघाडी दिली. यंत्रमागाच्या गावानं एकगठ्ठा मत दिलं म्हणून नाकं मुरडली गेली, ते मला पटत नाही. गठ्ठ्यानं मतं सिन्नरनंही दिली. त्याला आपण भूमिपुत्राचं प्रेम म्हणतो.

यावर विचारणारा लगेच दुसरा प्रश्न टाकतो. मग नोव्हेंबरात उलटं कसं झालं? विधानसभेला जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीनं जिंकल्या, मालेगाव मध्य एमआयएमकडे गेली, महाविकास आघाडीला एकही नाही. लोकसभेचा कौल खोटा होता का?

नव्हता. मधल्या काळात बरंच बदललं. जुलैपासून लाडक्या बहिणीचे महिन्याला १,५०० रुपये सुरू झाले. १३ सप्टेंबरला किमान निर्यात मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. ज्यांनी उन्हाळ कांदा चाळीत राखून ठेवला त्यांना भावही चांगला मिळाला. ऑगस्टमध्ये विरोधी खासदारांनी संसदेच्या आवारात कांद्याच्या माळा घालून आंदोलन केलं होतं. लोकसभेच्या निकालाची धास्ती आणि येऊ घातलेली विधानसभा नसती तर सप्टेंबरचा निर्णय तेव्हा झाला असता, असं मला वाटत नाही. मतदारांनी मे महिन्यात जे मागितलं होतं त्यातलं काही पदरात पडलं होतं. शिवाय विधानसभेला समोर दिल्ली नव्हती, तालुक्याचा माणूस होता. निफाडला दिलीप बनकर, दिंडोरीला नरहरी झिरवाळ, येवल्याला भुजबळ. लोक यांच्याकडे दाखल्यापासून रोहित्रापर्यंतची कामं घेऊन जातात.

माझ्या मावसभावानं मे मध्ये भगरे सरांना मत दिलं आणि नोव्हेंबरात बनकरांना. मी त्याला विचारलं तर त्याला त्यात काही विसंगत वाटलं नाही, उलट माझ्याच प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. निर्यातीचं बनकरांच्या हातात काय आहे, म्हणाला. उरलेलं २० टक्के शुल्क १ एप्रिल २०२५ पासून गेलं तेव्हा पहिला फोन त्याचाच आला होता. आनंद होताच, पण लगेच पुढे म्हणाला की आता उन्हाळ निघतोय, आवक वाढली की भाव काय राहतो ते बघू.