रनिंग बोर्डातलं पाणी

क्लेम फॉर्मवर कारण एका ओळीत लिहिलं होतं : सिमेंट रोडच्या कडेवरून चाक घसरलं, गाडी खालून घासली. नागपुरात पावसाळ्यात असे क्लेम येतातच. सिमेंटचा रस्ता वर, बाजूची मातीची पट्टी वीतभर खाली, रात्रीचा पाऊस आणि समोरून डोळ्यांवर लाईट मारत येणारा ट्रक. चाक उतरलं की गाडी पोटावर बसते.

मी मोटार सर्व्हेअर आहे. विमा कंपनीनं काम दिलं की वर्कशॉपला जायचं, नुकसान बघायचं, त्यातलं अपघाताचं किती आणि आधीपासूनचं किती हे वेगळं करायचं आणि रिपोर्ट द्यायचा. सगळी भांडणं त्या ‘आधीपासूनचं किती’वर होतात. पॉलिसीत झिजेला, गंजाला पैसे नाहीत, अपघाताला आहेत. पत्रा मात्र असा दोन रकान्यांत वाटून येत नाही.

गाडी सातव्या वर्षातली हॅचबॅक, पासिंग एमएच-०८, म्हणजे रत्नागिरीचं. मालक मूळचे काटोलचे, सरकारी नोकरीत, बरीच वर्षं कोकणात काढून बदलीवर नागपूरला परतलेले. वाडीतल्या वर्कशॉपमध्ये ते माझ्या आधीच येऊन बसले होते. मी बॅग ठेवायच्या आत म्हणाले, “मॅडम, खालून गंजबिंज काही निघणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मागच्या उन्हाळ्यात इथंच अंडरबॉडी कोटिंग केलं. पाच वर्षांची वॉरंटी आहे.” आणि डॅशबोर्डच्या खणातून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. कार्ड गुळगुळीत, सोनेरी अक्षरांचं. लग्नपत्रिका बरी.

गाडी लिफ्टवर घेतली. खालून बघितलं तर कोटिंगचा, म्हणजे गंज लागू नये म्हणून मारलेला थर खरंच काळाभोर, एकसारखा. उजवीकडचा रनिंग बोर्ड, म्हणजे दारांखालची पत्र्याची लांब पोकळ पेटी, कडेवर आपटून आत दबलेला आणि खालचा जोड वीतभर उकललेला. नेहमीचं नुकसान. पण लिफ्ट थांबली तेव्हा एक हिसका बसला आणि आत काहीतरी हिंदकळलं. वर्कशॉपमधला पोरगा म्हणाला, पेट्रोल असेल. टाकी मागच्या सीटखाली. आवाज पुढून आला होता, आणि तोही डावीकडून, जिथं मार लागलाच नव्हता.

मिस्त्री साठीचे. आयुष्य डेंटिंगमध्ये गेलेलं. ते कान लावून उभे राहिले आणि म्हणाले, “मॅडम, अंदर पाणी हाये जी. रनिंग बोर्डात.”

आता हे नीट सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण इथंच आहे. रनिंग बोर्डाला, दारांच्या खालच्या कडेला, फ्लोअरला कंपनीनं मुद्दाम बारीक भोकं ठेवलेली असतात. काचेवरून, काऊलमधून, म्हणजे पुढच्या काचेखालच्या जाळीतून पावसाचं पाणी आत उतरणारच. ते उतरून बाहेर पडावं म्हणून ड्रेन होल. मिस्त्रींनी बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन खालच्या कडेवरून बोटानं चाचपत नेला. एका जागी काळा थर किंचित खोलगट लागला. टोक रुतवलं. आधी एक थेंब, मग तपकिरी धार. ऑइलचा ट्रे खाली सरकवला तर तळ झाकला जाऊन पाणी वर चढायला लागलं. कुजक्या डबक्याचा वास. मालक खुर्ची सोडून उठले आणि त्या धारेकडे बघत राहिले.

कोटिंगवाल्यानं भोकं बुजवली होती. सगळीच. दोन्ही बाजूंची.

उजवीकडच्या फाटलेल्या भागाकडे आलो. मिस्त्री हातोडीच्या मागच्या टोकानं ठोकत गेले. धड पत्रा टणटण बोलतो. दोन दारांमधल्या खांबाखाली आले तसा आवाज भद्द झाला. तिथं काळा थर फुगलेल्या पापडासारखा उचललेला होता. मी नखानं कड धरली आणि ओढलं, तर तळहाताएवढा तुकडा सालीसारखा निघून हातात आला. खालच्या पत्र्यात स्क्रूड्रायव्हर सहज आरपार गेला.

तो तुकडा मी उलटा करून बॅटरीच्या उजेडात धरला. मागच्या बाजूला बोटाएवढ्या जाडीची माती चिकटलेली, लाल. आधी वाटलं गंजच असेल. पाण्याचा थेंब टाकून चोळली तर बोटं लाल झाली आणि बारीक खर लागली. माती होती. मिस्त्रींनी चिमूट घेऊन बघितली. “हे आपल्याकडली माती नाही. आपली काळी.” ती कोकणातली जांभ्याची माती होती. नागपुरात आल्यावर, नागपुरातच केलेल्या कोटिंगच्या खाली रत्नागिरीचा चिखल जसाच्या तसा बंद करून ठेवला होता. मी त्याचे चार फोटो घेतले, पट्टी ठेवून. रिपोर्टला एकच पुरला असता.

आता त्या मातीत काय होतं ते वेगळं तपासायची गरज नाही. समुद्राकाठच्या गाडीखालच्या चिखलात मीठ असतंच. लोखंडाला गंजायला पाणी आणि हवेतला ऑक्सिजन पुरे. मीठ असलं की पाण्यातून वीज वाहणं सोपं होतं आणि तीच क्रिया दामदुपटीनं चालते. शिवाय मीठ ओल धरून ठेवतं. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात नागपूर पंचेचाळीस अंशांवर जातं, डांबराच्या जातीचं स्वस्त कोटिंग त्यात वाळून कडक होतं आणि मग केसासारख्या भेगा पडतात. पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगेतून आत ओढलं जातं आणि बाहेर यायचं नाव घेत नाही. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा बरंच मोठं, म्हणून तो थराला आतून ढकलतो, थर उचलला जातो, आणखी पाणी शिरतं. वरून मात्र सगळं काळंभोर. कोटिंग नसतं तर हा गंज सर्व्हिसिंगच्या वेळी कुणाच्या तरी नजरेला पडला असता, हे मला जास्त खटकतं.

२३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत घुसलं, तेव्हा आम्ही सर्व्हेअर लोक कित्येक आठवडे नुसत्या बुडालेल्या गाड्या बघत होतो. पोकळ भागात काय साठून राहतं ते तेव्हा बघितलं. सीट धुतल्या, कार्पेट वाळवली, गाडी चकाचक. आणि रनिंग बोर्डात अजून गाळ. तेव्हापासून लिफ्ट वर जाताना मी बोलत नाही, ऐकते.

हिशेब मांडला. बाहेरचा पत्रा, उकललेला जोड, फ्लोअरचा चेपलेला भाग हे कडेवर आपटल्यानं झालेलं, ते मंजूर. आतली सडलेली पट्टी नामंजूर, आणि डावीकडचं तर सगळंच. गाडी पाच वर्षांच्या वरची, दहाच्या आतली, म्हणून धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर त्यांच्या पॉलिसीत उरलं नव्हतं. मजुरीवर घसारा नाही. पेंटचं बिल एकत्र असेल तर त्यातला पाव हिस्सा माल धरतात आणि त्या मालावर ५० टक्के कापतात. हे सगळं मी त्यांना तिथंच, कागदावर लिहून समजावलं. लोक रकमेवर कमी चिडतात, न कळलेल्या रकमेवर जास्त.

ते चिडले नाहीत. त्यांनी वॉरंटी कार्ड परत मागितलं आणि चष्मा लावून, बहुधा पहिल्यांदाच, मागची बाजू वाचली. आधीपासून असलेल्या गंजाला लागू नाही. दगड लागून थर निघाल्यास लागू नाही. दर सहा महिन्यांनी आमच्याकडे तपासणी न केल्यास लागू नाही. पोकळ भागांना लागू नाही. “मग उरलं काय?” त्यांनी मिस्त्रींना विचारलं. मिस्त्री म्हणाले, “पाकीट.”

दुपार झाली होती. वर्कशॉपवाल्यानं तर्री पोहे मागवले. पत्रा बदलून झाल्यावर पुन्हा कोटिंग करावं का आणि कुणाकडून, असा प्रश्न मालकांनी मला विचारला. दुकानाचं नाव सुचवणं माझ्या कामात बसत नाही, आणि बसू नये. पण या गाडीला करायलाच हवं, असं मी सांगितलं, कारण मीठ खाल्लेली आहे आणि नवीन वेल्डिंगचे जोड उघडे राहणार आहेत. शोरूममधून नवी गाडी घेताना डिलिव्हरीच्या घाईत जे पॅकेज गळ्यात मारतात त्याबद्दल माझं मत वेगळं आहे. कारखान्यात गाडीची बॉडी अख्खी प्रायमरच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्यानं लेप बसवतात, तो पोकळ्यांतही पोचतो, जोडांवर सीलंट असतो. नागपुरातच फिरणाऱ्या नव्या गाडीला वर आणखी डांबर थापायची घाई नाही. उमरेडकडे कोळशाच्या खाणीत रोज जाणारी असेल तर गोष्ट निराळी.

मग त्यांनी तिथूनच फोन लावायला सुरुवात केली, स्पीकरवर. मिस्त्री पोहे खाता खाता मधून सवाल सुचवत होते.

एकानं भाव सांगितला तीन हजार, वेळ एक तास. “धुऊन, वाळवून एका तासात?” “धुतो ना सर, हवा मारतो, लगेच स्प्रे.” मिस्त्रींनी मान हलवली. खालचा पत्रा धुतल्यावर जोडांतलं पाणी सुकायला निदान एक रात्र लागते. ओल्यावर स्प्रे म्हणजे ओल आत कोंडणं.

दुसरा चांगला बोलला. परदेशी माल, हजार तास मिठाच्या फवाऱ्यात तपासलेला, थर जाड. मालकांनी विचारलं, “ड्रेन होलचं काय करता?” तो म्हणाला, “काही टेन्शन नाही, सगळं पॅक करून देतो, पाण्याचा थेंब आत जाणार नाही.” आम्ही तिघंही हसलो. तो बिचारा पलीकडून विचारत राहिला, काय झालं, काय झालं.

कामठी रोडच्या बाजूचा एक जण फोनवर जरा तुसडाच वाटला. गाडीला गंज आहे का, हे त्यानंच आधी विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग पहिले पत्र्याचं काम करा. वरून मारून देणारे लई भेटतील, मी नाही मारत.” पावसात गाडी घेत नाही, घेतलीच तर दोन रात्री ठेवावी लागेल. गंजावर आधी वायर ब्रश, मग उरलेला गंज थोपवणारं फॉस्फोरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर, मग प्रायमर, त्यावर कोटिंग. भोकांत खुंट्या घालून स्प्रे करतो आणि शेवटी खुंट्या मोजून काढतो. रनिंग बोर्डाच्या आत वेगळं मेण, लांब नळीनं; ते मऊ राहतं, भेगा पडत नाहीत, पण दोनेक वर्षांनी पुन्हा मारावं लागतं. वॉरंटी? “वॉरंटी नाही. फोटो देतो, आधीचे आणि नंतरचे. दर उन्हाळ्यात आणा, लिफ्टवर दाखवीन, फुकट.” भाव पहिल्याच्या दुपटीहून जास्त.

मिस्त्रींनी तोंडातला घास संपवून फोनकडे वाकून विचारलं, “कशाकशावर नाही मारत?” हा प्रश्न मला आवडला. पलीकडून यादी आली, न अडखळता : सायलेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ब्रेकची डिस्क, सेन्सर, रबराचे बुश, ड्राइव्हशाफ्टचे बूट, ऑइलचा ड्रेन नट. तापणाऱ्या भागावर कोटिंग पडलं तर आठवडाभर जळका वास येतो आणि आगीचंही निमंत्रण. मी मघाशी घेतलेले फोटो पुन्हा बघितले. या गाडीच्या सायलेन्सरवरही काळे शिंतोडे होते.

मालकांनी तरी डोळे झाकून होकार दिला नाही. रविवारी स्वतः तिकडे जाऊन आले आणि मला फोटो पाठवले. लिफ्टवर दुसऱ्याची गाडी, सायलेन्सरला वर्तमानपत्र आणि फॉइल गुंडाळलेलं, भोकांतून लाकडी खुंट्या लोंबत असलेल्या. खाली ओळ : “हा माणूस चहासुद्धा विचारत नाही, पण खुंट्या मोजतो.” पाऊस संपल्यावरची, ऑक्टोबरची तारीख घेतली.

माझा रिपोर्ट मंजूर झाला. डाव्या बाजूचा खर्च त्यांना खिशातून करावा लागला आणि तो उजवीकडच्या त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त निघाला. जुन्या कोटिंगवाल्याला त्यांनी फोटो पाठवले होते. त्याचा फोन आला तेव्हा मी फेरतपासणीसाठी तिथंच होते. पैसे परत देण्याचं त्यानं काढलंच नाही, पण आवाज फार गोड होता. “सर, तुम्ही आपले कस्टमर आहात. गाडी घेऊन या, त्याच्याच वरून अजून एक कोट मारून देतो. एक रुपया घेणार नाही.”

“राहू द्या जी,” मालक म्हणाले, “आधीचंच अजून निथळून राहिलं.”