कोबा घासायचा, पण कशाने?

पुण्यात वारज्यातल्या आमच्या रो-हाऊसच्या खालच्या खोलीत व्हिनाइल अंथरलेलं होतं. ते उचकटलं तर खाली जुना कोबा निघाला. तसा टणक, पण जागोजागी पिवळट गोंद चिकटलेला आणि दारापाशी एवढा उंचवटा की दार पूर्ण उघडायचंच नाही. फरशी बसवली असती तर दाराची अडचण वाढलीच असती, म्हणून आहे तोच कोबा घासून वापरायचा ठरवलं.

हत्यारं बघायला बोहरी आळीत गेले. पहिल्या दुकानात उत्तर तयार होतं : "ताई, चार इंची ग्राइंडर न्या, डायमंड कप लावा, झालं काम." शेजारच्या दुकानातल्या काकांनी मात्र आधी विचारलं, "खिळ्याने ओरखडा उमटतो का?" मी घरी येऊन बघितलं. खिळा नुसता सरकत होता, ओरखडा उमटत नव्हता, म्हणजे कोबा कडक.

त्यांनी हे का विचारलं ते पुढे कळलं. कप म्हणजे ग्राइंडरला लावायची वाटीसारखी चकती. तिच्या दातांत हिऱ्याचे कण धातूत बसवलेले असतात, त्या धातूला बाँड म्हणतात. वरचे कण बोथट झाले की धातू झिजून आतले नवे कण उघडे पडले पाहिजेत, पेन्सिलीला टोक काढल्यासारखं. कडक काँक्रीट धातूला फारसं झिजवत नाही, म्हणून तिथे मऊ बाँडचा कप लागतो. मऊ, भुसभुशीत काँक्रीट वाळूसारखं धातू खात सुटतं, म्हणून तिथे कडक बाँड. ऐकायला उलटं वाटतं, पण आहे असंच. कडक कोब्यावर कडक बाँड चालवला की दात काचेसारखे गुळगुळीत होतात, मशीन नुसतं गरगरतं आणि आपण जोर लावत बसतो. तसं झालं तर कप थोडा वेळ खरखरीत विटेवर चालवायचा, दात पुन्हा उघडतात. मी मऊ बाँडचा, दातांच्या दुहेरी रांगेचा, तीस ग्रिटचा कप घेतला (ग्रिटचा आकडा जितका लहान तितका कप खरखरीत). एकेरी रांग जास्त आक्रमक असते, पण नवख्या हातात ती चंद्रकोरीसारखे खड्डे पाडते.

गोंदावर कप चालवायचाच नाही. घर्षणाने गोंद वितळतो आणि दातांत भरून बसतो. त्यासाठी पीसीडीचे, म्हणजे हिऱ्याचे मोठे तुकडे बसवलेले कप मिळतात, पण एका खोलीपुरता तो खर्च मला पटला नाही. लांब दांड्याचं स्क्रेपर घेतलं आणि गोंद खरवडून काढला. कंटाळवाणं काम.

खरी निवड धुळीने ठरवली. काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही, सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार त्यानेच होतो. श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसाला नक्की कर्करोग करणाऱ्या गोष्टींत टाकलेलं आहे. खिडक्या उघडून आणि तोंडाला ओढणी बांधून हे भागत नाही. म्हणून मी आधी डस्ट कव्हर शोधलं आणि त्यात बसेल ते ग्राइंडर नंतर. कव्हर म्हणजे कपाभोवतीची टोपी, खाली ब्रशची झालर आणि बाजूला व्हॅक्यूमची नळी जोडायचं तोंड. मला मिळालेलं बरं कव्हर पाच इंची मशीनचं होतं, त्यामुळे चार इंचीचा विषय तिथेच संपला. चार इंचीचा स्पिंडल, म्हणजे कप बसतो तो आट्याचा दांडा, एम दहा (दहा मिलिमीटरचा) असतो आणि पाच इंचीचा एम चौदा, त्यामुळे एकाचे कप दुसऱ्याला लागत नाहीत. सात इंची मशीन उचलून बघितलं. दोन हजार वॉटच्या वरचं, सोळा अँपिअरचा सॉकेट मागणारं. वाकून तासभर धरणं मला जमलं नसतं.

घरातला झाडलोटीचा व्हॅक्यूम याला चालत नाही. बारीक पूड फिल्टर लगेच चोंदवते आणि मोटर तापते. पिशवी आणि हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा) फिल्टर असलेला वेट-ड्राय व्हॅक्यूम भाड्याने आणला, शिवाय चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क, चष्मा आणि कानाला मफ. सगळ्यांत जास्त पैसे इथेच गेले. धूळ बसवायला ग्राइंडरवर पाणी ओतायचा सल्ला एका शेजाऱ्यांनी दिला, तो मी ऐकला नाही. साधा हँड ग्राइंडर पाण्यासाठी बनवलेला नसतो.

दाराचा उंचवटा आणि भिंतीच्या कडा या मशीनने केल्या. मशीन दाबायचं नाही, त्याचं वजन पुरतं. सपाट धरून, एकमेकांवर थोडे चढणारे गोल घेत सरकायचं. कव्हरची पुढची झडप उघडली की कप थेट भिंतीपर्यंत जातो. वरचा सिमेंटचा थर गेला आणि काळ्या पाषाणाची चुरी दिसायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की ही जमीन देखणी होणार.

मधला भाग हाताने करणं शहाणपणाचं नव्हतं. मोझॅक पॉलिशवाल्याचं उभं मशीन दिवसाच्या भाड्याने बोलावलं. ते जमिनीवर पाणी सोडतच चालवतात, त्यामुळे धूळ नाही, पण बोर्डावर तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, हे आधी बघून घेतलं. कारागीर नेहमीचे कार्बोरंडमचे दगड लावणार होता. मोझॅकमधल्या संगमरवरावर ते ठीक, पण आमच्या पाषाणाच्या चुरीवर भराभर झिजले असते. "दादा, डायमंड लावा," म्हटल्यावर त्याने जास्तीचे पैसे सांगितले. दिले.

त्यातून निघालेला राखाडी चिखल मोरीत सोडू दिला नाही. तो पाइपात सिमेंटसारखाच बसतो. बादलीत साठवला, वरचं पाणी नितळू दिलं आणि खालचा गोळा सुकवून राडारोड्यात दिला.

पुढे पन्नास, शंभर, दोनशे, चारशे असे रेझिनचे पॅड. मधला टप्पा गाळला की आधीचे ओरखडे पुढच्या पॅडने जात नाहीत, आणि ते नेमके उन्हाच्या तिरिपेत दिसतात. शंभरनंतर लिथियम सिलिकेटचं हार्डनर मुरवलं. चारशेला थांबले. तीन हजारपर्यंत गेलं तर आरसा होतो म्हणतात, पण सासूबाई ओल्या पायांनी त्याच खोलीतून अंगणात जातात. वरून मॅट सीलरचा एक हात दिला. दारही थोडं रंधून घ्यावं लागलं, तेवढं सुताराने केलं.